पान सतरा

सोळा पानं सरळ उतरतात.
सतराव्यावर निळी पट्टी अडते,
क्षणभर विचारात पडल्यासारखी,
मग चौकट येते: फाईल तयार होऊ शकली नाही.
पुन्हा दाबलं तर होते.

हे "पुन्हा दाबलं तर होते" फार वाईट.
कायमचं बिघडलेलं परवडतं,
त्याला निदान मानगुटीला धरता येतं.

साखरी नाट्याच्या जेटीवरून चढण चढलं की
बर्फाच्या कारखान्याला भिंत लावून माझं दुकान.
दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि मी, मृदुला आडिवरेकर.
मच्छिमार सोसायटीचा अहवाल आहे, चौसष्ट पानं,
सभा रविवारी.
राजापूरचा छापखाना म्हणतो, पीडीएफ द्या, बाकी काही सांगू नका.

मी फॉन्ट बदलला. मात्रा उडाल्या
आणि शिल्लक रकमेच्या डोक्यावर जाऊन बसल्या.
जुना फॉन्ट परत आणला.
प्रिंटर काढून टाकला, पुन्हा घातला.
फाईलचं नाव मराठीतून इंग्रजीत केलं,
मग नावातली मोकळी जागा काढली,
मग मधल्या सुट्टीत मशीनसमोर नुसती बसून राहिले.
रत्नागिरीचा इंजिनियर रात्री नऊला
तिथून आत शिरला, माझा बाण आपोआप फिरला,
चौसष्टच्या चौसष्ट पानं झाली.
"मॅडम, माझ्याकडे तर होतंय."

कधीकधी तर चूक सांगतही नाही.
पीडीएफ होते, उघडून बघावी
तर सतराव्या पानावर चौकट आहे,
खाली नाव आहे, वय आहे,
माणूस नाही.

ते श्रद्धांजलीचं पान.
वर्षभरात गेलेले नऊ सभासद.

हसनमियाँ तांडेल रोज येऊन विचारायचे,
"आमचा बावा दिसला काय?"
बावा त्यांच्या होडीवरचा खलाशी, चौथ्या चौकटीतला.
गुरुवारी ते काउंटरला टेकले असताना
माझी वही उघडी होती, बंद पडल्याच्या वेळांची:
मंगळवार नऊ चाळीस.
बुधवार दहा पंचवीस.
गुरुवार अकरा दहा.
त्यांनी वही उलटी धरूनच वाचली.
बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला.
"तेरस, तेराची पाऊणकी पावणेदहा.
चौदस साडेदहा. आज पुनव, सव्वाअकरा.
पोरी, ही भरती लिहिलीयस तू."

मी हसले नाही. हसायची ताकद नव्हती.

शुक्रवारी बाराला खाडी गच्च भरली.
गाळ बुडाला की होड्या जेटीला लागतात,
होड्या लागल्या की बर्फ हवा,
बर्फ हवा की भिंतीपलीकडे
फोडायच्या मशीनची मोटर पहिला हिसका देते.
मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसले होते,
त्या हातभर डबीसमोर, जिच्यातून वायरी
या कॉम्प्युटरच्या त्या कॉम्प्युटरकडे जातात.
हिरवे चार दिवे.
मोटर ओरडली.
चारही दिवे मिटले, आणि
मला श्वास सोडायच्या आत परत लागले.

फोटो सगळे त्या कॉम्प्युटरवर होते.
कॉम्प्युटरांना बॅटरीचा आधार होता,
डबी मात्र भिंतीतल्या साध्या प्लगात.
तीन महिने मी अक्षरांवर संशय घेत होते.

प्लग हलवला. फोटो इकडे आणले.
मोटर चालू असताना मुद्दाम दाबलं:
सोळा, सतरा, अठरा.

हसनमियाँनी पान हातात घेतलं,
लांब धरलं, मग जवळ.
"टोपी माझी हाय," म्हणाले.
"मागून घ्यायची राहिली."
घडी न घालता कागद घेऊन गेले, उताराने.

नंतर दसरा झाल्यावर एकदा,
अष्टमीला, दुपारी बाराला, भर ओहोटीत,
भिंतीपलीकडे सगळं शांत असताना
पट्टी पुन्हा अडली.
वेळ लिहून ठेवली आहे.